घोडीच्या पाठीवर घर, कुत्र्याच्या भरवशावर कळप

रमजानच्या दिवसांत पहाटे चारच्या सुमारास यवतमाळच्या कळंब चौकाकडच्या गल्ल्यांत घराघरांत दिवे लागतात. भांड्यांचा आवाज, तव्यावरच्या पोळीचा वास, उशिरा उठलेल्याची धावपळ. सहरीच्या या वेळी घराबाहेर कुणी जागं असतं तर ते गल्लीतलं कुत्रं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मशिदीकडे निघालेला माणूस कपडे सावरून त्याच्यापासून दोन हात लांबून जातो.

याच वेळी इथून दूर पश्चिमेला, सह्याद्रीचा घाट उतरून गेल्यावर, रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या कापणी झालेल्या भातखाचरात दुसरं एक कुत्रं जागं असतं. त्याच्या मागे जाळीच्या वाघरीत शे-दोनशे मेंढ्या दाटीवाटीने बसलेल्या असतात. शेजारी पायबंद घातलेल्या घोड्या उभ्या उभ्याच डुलक्या घेत असतात आणि घोंगड्या पांघरून माणसं झोपलेली असतात. या माणसांना दाराची कडी नाही, कारण दारच नाही. रात्रभर राखण करतं ते हे कुत्रं.

धनगरांच्या या फिरत्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. चार-दोन, कधी त्याहून जास्त कुटुंबं एकत्र येतात, मेंढ्या एकत्र हाकतात, तळ एकत्र टाकतात. पारनेर, शिरूर, बारामती, फलटण, माण, खटाव या कमी पावसाच्या पट्ट्यातले अनेक मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास घाटाखाली कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दख्खनी मेंढीला कोरडी हवा मानवते. कोकणातला धो धो पाऊस लागला तर तिचे खूर सडतात. म्हणून पाऊस माणदेशात काढायचा आणि उन्हाळा कोकणात. वर्षातले सात-आठ महिने घर चालत असतं.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना कळप नवा नाही. कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उभ्या असलेल्या वावरांत स्थानिक धनगरांच्या मेंढ्या शिरतात. गुजरातेतून आलेले रबारीही विदर्भात फिरतात. त्यांचं ओझं उंटावर असतं आणि रस्त्याच्या कडेने चाललेल्या उंटांची रांग पाहायला शाळकरी पोरं धुऱ्यावर उभी राहतात. घोड्यांवर घर लादून चालणारा वाडा मात्र भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातला. कुत्रा, घोडा आणि माणूस एकमेकांच्या भरवशावर कसे जगतात ते पाहायचं तर त्या वाड्याकडेच जावं लागतं.

दिवस उजाडायच्या आत वाडा उठतो. आज मुक्काम हलवायचा असेल तर बायकांची घाई आधी. पुरुष मेंढ्या घेऊन चरत चरत आडवाटेने जाणार. घोड्या, सामान, लेकरं आणि कोंबड्या घेऊन बायका नीट वाटेने पुढच्या तळावर पोचणार. ही कामाची वाटणी फार जुनी आहे. पाहणाऱ्याला वाटतं, मेंढ्या सांभाळणारा तो धनगर आणि बाई त्याच्या मागून येणारी. प्रत्यक्षात बाई त्याच्या पुढे असते. कळप संध्याकाळी तळावर येतो तेव्हा चूल पेटलेली असते आणि पाणी भरलेलं असतं.

घोडीवर सामान चढवणं हे हातात मुरावं लागणारं काम आहे. धान्याची पोती दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने लटकली पाहिजेत. एक बाजू जड झाली की चार मैलांत घोडीची पाठ सोलवटते आणि मग आठवडाभर तिच्यावर काही ठेवता येत नाही. त्यावर वाघरीची जाळी, पालाचं कापड, अंथरुणं, भांडी, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या. रात्रीतून व्यालेल्या मेंढीचं कोकरू चालू शकत नाही. तेही घोडीवर. ज्याला नीट बसता येतं पण लांब चालता येत नाही असं पोर सगळ्यांच्या वर. कधी त्या पोराच्या मांडीवर कुत्र्याचं पिल्लू. अशा दोन-तीन घोड्या म्हणजे एका कुटुंबाचा सगळा संसार.

घोडीच का, घोडा का नाही, याचं उत्तर साधं आहे. घोडी शांत असते आणि शिंगरू देते. शिंगरू मोठं झालं की बाजारात विकता येतं. घोड्यांचे असे बाजार महाराष्ट्रात देवाच्या यात्रांना भरतात. तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला आणि उमरखेडच्या माणसाला जवळचा म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, मार्गशीर्षात, खंडोबाच्या यात्रेत. तिथे घोडा, गाढव, उंट, कुत्रा सगळं विकायला येतं. घोड्याचा दात पाहून वय सांगणारे, कपाळावरचा भोवरा पाहून नशीब सांगणारे, टापांना नाल मारणारे, सगळे तिथे भेटतात. नालबंद हे आडनाव आज मोटारीचं गॅरेज चालवणाऱ्या मुसलमान घरांतही असतं. त्या आडनावात जुन्या टापा ऐकू येतात.

वाड्यातली ही घोडी दिसायला काही खास नाही. उंचीला बेताची, अंगाने काटक, पोटाला लागलं तर वाळकं गवत आणि उरलेली भाकरी. कित्येक वर्षं सरकारी कागदांत तिला जात नव्हती. मिश्र, स्थानिक, असलं काहीतरी लिहून विषय संपायचा. पण हीच भीमथडीची तट्टं. भीमा नदीच्या काठची म्हणून भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळाने ज्या घोड्यांवर मुलूख मारला, त्यांत अरबी आणि तुर्की रक्ताची भर पडलेले हे दख्खनी घोडे होते. मोठ्या देखण्या घोड्याला चंदी लागते, तबेला लागतो. हे तट्टू वाटेतलं गवत खाऊन दिवसभर चालायचं आणि डोंगर चढायचं. गनिमी काव्याला असलंच जनावर लागतं. 1818 मध्ये पेशवाई गेली, घोडदळ मोडलं, सरदारांच्या पागा रिकाम्या झाल्या. राजे-सरदारांनी सोडलेलं हे तट्टू मेंढपाळांनी सांभाळलं. त्यांना इतिहास जपायचा नव्हता, ओझं वाहायचं होतं. जपणूक अशीच होते बहुतेक वेळा.

महाराष्ट्राचं राज्यगीत म्हणून 19 फेब्रुवारी 2023 पासून जे गाणं शाळाशाळांतून म्हटलं जातं, त्या राजा बढ्यांच्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. यवतमाळची पोरंही तो मोठ्या आवाजात म्हणतात. ही तट्टं अजून जिवंत आहेत, पाठीवर कोंबड्या आणि कोकरं घेऊन घाट उतरतात, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? अलीकडे करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि मणिपुरी या सात जातींनंतरची ही आठवी भारतीय जात. नोंद झाली ते चांगलंच. पण नोंदीने घोडीला चारा मिळत नाही.

मल्हारराव होळकरांचं उदाहरण इथे आठवतं. नीरेकाठच्या होळ गावचं हे धनगराचं पोर मामाकडे खानदेशात वाढलं, मेंढ्यांमागे हिंडलं, पुढे घोडेस्वार झालं आणि इंदूरच्या राज्याचं संस्थापक झालं. रानात तळ कुठे टाकायचा, पाणी कुठे असेल, रात्री कोणत्या बाजूने धोका येईल, हे मेंढपाळाला लहानपणीच कळतं. सैन्याच्या छावणीला वेगळं काही लागत नाही.

आता कुत्रा. सिनेमात मेंढपाळाचा कुत्रा धावत जाऊन मेंढ्या वळवतो, मालकाच्या शिट्टीवर कळप डावीकडे-उजवीकडे नेतो. ती विलायती जात आणि विलायती काम. दख्खनच्या वाड्यातला कुत्रा मेंढ्या वळवत नाही. ते काम माणूस काठीने आणि तोंडाने काढलेल्या आवाजांनी करतो. इथल्या कुत्र्याचं काम राखणीचं. दिवसा तो कळपाच्या कडेने रेंगाळत चालतो, सावली दिसली की पडतो, आळशी वाटतो. अंधार पडला की तोच कुत्रा वेगळा होतो. वाघरीच्या चारी बाजूंना कुत्री आपापली जागा धरून बसतात. एकाने गुरगुर केली की दुसऱ्या बाजूचं उठतं. भुंकण्याचा सूर ऐकून झोपेतला माणूस ओळखतो की वाटेवरून कुणी प्रवासी चाललाय, चोर आहे की लांडगा. पहिल्या सुराला तो कूस बदलतो, शेवटच्या सुराला काठी घेऊन उभा राहतो.

ही राखण फुकट होत नाही. लांडग्यांच्या टोळीशी किंवा उसातून निघालेल्या बिबट्याशी गाठ पडली तर मेंढीच्या आधी कुत्रा जातो. बिबट्या मानेला धरतो, म्हणून काही कळपांत कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो. बदल्यात त्याला मिळते भाकरी, कधी मेंढीचं दूध आणि झोपायला घोंगडीचा कोपरा. वाड्यातल्या पिल्लाला शिकवणी नसते. कोकरांबरोबर लोळत ते वाढतं आणि मोठेपणी त्या मेंढ्याच त्याला आपलं कुटुंब वाटतात.

इथे एका प्रश्नाला तोंड द्यायला हवं. मुसलमान घरात कुत्रा का नसतो, असं शेजारचा हिंदू मित्र विचारतो तेव्हा उत्तर मिळतं, ‘आमच्यात चालत नाही.’ हे उत्तर अर्धं आहे. कुत्र्याची लाळ नापाक मानली जाते, ती लागली तर भांडं, कपडा धुऊन घ्यावा लागतो. हदीसमध्ये भांडं सात वेळा धुण्याचं सांगितलं आहे. पण यावरही सगळ्या इमामांचं मत एक नाही. विदर्भातले बहुतेक मुसलमान हनफी. त्यांच्याकडे लाळ नापाक, पण कोरड्या अंगाचा स्पर्श नाही. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्याकडे नियम कडक, सगळा कुत्राच त्यात येतो. इमाम मालिक यांच्या मतानुसार जिवंत कुत्रा मुळात नापाक नाहीच, भांडं धुवायचं ते हुकूम म्हणून. तिघांनीही पुरावा पाहिला तो कुराण आणि हदीसचाच.

विनाकारण कुत्रा पाळू नये, असं सांगणाऱ्या हदीसमध्येच सवलतही आहे आणि ती तीन कामांसाठी आहे. शिकार, शेताची राखण आणि गुराढोरांची राखण. म्हणजे वाड्यातलं जे कुत्रं रात्रभर मेंढ्यांभोवती बसतं, त्याला चौदाशे वर्षांपूर्वीच परवानगी मिळालेली आहे. शिकवलेल्या कुत्र्याने अल्लाहचं नाव घेऊन सोडल्यावर धरून आणलेली शिकार हलाल असल्याचं सूरह माइदामध्ये आहे. कामाच्या कुत्र्याला धर्माने कमी लेखलेलं नाही. कमी लेखलं ते आपण. नियम लाळेचा होता, आपण तो दगडापर्यंत नेला. गल्लीतल्या कुत्र्याला येता-जाता दगड मारणाऱ्या पोराला मोठी माणसं बघतात आणि बोलत नाहीत. हा धर्म कुठल्याही इमामाने सांगितलेला नाही.

हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी लहानपणी मक्केच्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या थोड्याशा मजुरीवर चारल्या आणि आपल्या आधीच्या प्रत्येक पैगंबराने हे काम केलं, असं त्यांनीच सांगितल्याची हदीस आहे. ज्याला हजारो माणसं सांभाळायची त्याने आधी मेंढरं सांभाळली. तहानलेल्या कुत्र्याची गोष्ट तर रमजानच्या बयानात दरवर्षी कुणीतरी सांगतंच. वाटसरू स्वतः विहिरीत उतरून पाणी पितो, वर येतो तर कुत्रं तहानेने ओली माती चाटतंय. तो परत उतरतो, पायातल्या चामडी मोज्यात पाणी भरतो, मोजा दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. त्याचे गुनाह माफ होतात. मोज्याला कुत्र्याचं तोंड लागलं याचा हिशोब त्या गोष्टीत कुठे येत नाही.

जुम्म्याला सूरह कहफ वाचण्याचा परिपाठ अनेक घरांत आहे. त्यात जुलमी राजवटीतून पळून गुहेत आसरा घेतलेले तरुण आहेत, अल्लाह त्यांना तीनशे नऊ वर्षं झोपवतो. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा. गुहेच्या उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला, अगदी वाड्यातल्या कुत्र्यासारखा. ते तरुण नेमके किती, यावर लोकांचं एकमत नाही. कुणी तीन म्हणतो, कुणी पाच, कुणी सात. कुराण हे सगळे अंदाज सांगतं आणि प्रत्येक मोजणीत कुत्र्याला मोजतं. परंपरेत त्याचं नावही आहे, कितमीर. ख्रिस्ती लोकांतही या झोपलेल्या तरुणांची कथा आहे. आणि महाभारतात शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात थांबतो तेही कुत्र्यासाठीच.

घोड्याबद्दल तर विचारायलाच नको. सूरह आदियातची सुरुवातच धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते. घोड्याच्या कपाळावरच्या केसांना कयामतपर्यंत भलाई बांधलेली आहे, अशी हदीस आहे. पैगंबर आपल्या चादरीने घोड्याचं तोंड पुसताना लोकांनी पाहिलं, अशीही नोंद आहे.

धनगरांचा देव खंडोबा. त्याचं वाहन घोडा आणि त्याच्याबरोबर कुत्रा. लिंगायत वाण्याची म्हाळसा ही पहिली बायको, धनगराची बाणाई दुसरी. बाणाईसाठी देवाने धनगराच्या घरी मेंढपाळ म्हणून चाकरी केली, ही कथा वाड्यावाड्यांत सांगितली जाते. खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात आणि त्यात त्यांना अभिमान आहे. याच देवाला मुसलमान भक्त मल्लूखान म्हणत, अजमतखान म्हणत. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्यातली अनेक वर्षं धनगरांमध्ये आणि खंडोबाच्या शोधात घालवली, त्यांच्या लिखाणात हे सविस्तर आहे. आपल्या पैनगंगेपलीकडे माहूरला दत्ताच्या पायाशी कुत्री आहेतच.

कोकणात तळ पडतो तेव्हा शेतमालक कोण, हे वाडा विचारत नाही. रिकामं खाचर आणि जवळ पाणी असलं की बोलणी सुरू होतात. मेंढ्या किती, रात्री किती, बदल्यात धान्य की पैसे. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं आणि पुढचं पीक चांगलं येतं. हा व्यवहार आपल्याकडेही माहीत आहे. युरियाची पोती सहज मिळू लागली तेव्हापासून मेंढ्या बसवण्याचा भाव उतरला. लोकरीचाही उतरला. कातरण्याची मजुरी लोकरीतून सुटत नाही, म्हणून घोंगडी विणणारे सनगर दुसऱ्या कामाला लागले. आता मेंढीची किंमत म्हणजे मटणाची किंमत. ईदच्या दिवशी यवतमाळच्या घरात हंडी शिजते तेव्हा तिच्यामागे कुठेतरी एक मेंढपाळ असतो, एक घोडी असते आणि रात्रभर जागलेलं कुत्रं असतं.

वाटा मात्र बंद होत चालल्या आहेत. सरकारी दप्तरात माळरान म्हणजे पडीक जमीन. पडीक म्हणून तिथे झाडं लावा, कारखाना काढा, रस्ता न्या. माळरानात लांडगा राहतो, माळढोक राहतो आणि मेंढी जगते, हे त्या ‘पडीक’ शब्दात मावत नाही. लांडग्याला जागा उरली नाही तसा तो गावाजवळ सरकला आणि गावच्या मोकाट कुत्र्यांत मिसळला. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं संशोधकांनी जनुकीय तपासणीतून दाखवून दिलं आहे. लांडगा मेंढी नेणारच, त्याचाही वाटा आहे, असं म्हणणारे म्हातारे धनगर अजून भेटतात. नुकसानभरपाईची सोय आहे, पण तिला पंचनामा लागतो. वनखात्याचा माणूस येईपर्यंत मेलेली मेंढी जागेवर ठेवायची आणि थांबायचं. वाड्याला दुसऱ्या दिवशी निघायचं असतं, कारण शेतमालकाशी ठरलेल्या रात्री संपलेल्या असतात आणि चाराही. मग मेंढी तशीच सोडून वाडा निघतो.

घोड्यांची गत याहून चटकन बदलते आहे. घाटात आता दिवसरात्र ट्रक आणि कंटेनर. रस्ता चौपदरी झाला तेव्हा कडेची मातीची पट्टी गेली, जिच्यावरून घोड्या चालायच्या. डांबरावर टाप घसरते. मागून हॉर्न वाजला की शिंगरू बुजतं आणि त्याच्या मागे आई. म्हणून ज्यांना परवडतं ते पिकअप भाड्याने घेतात. सामान, कोकरं, बायका, लेकरं एका खेपेत पुढच्या तळावर. बायकांची पायपीट वाचते, ही गोष्ट लहान नाही. आठव्या महिन्याची गरोदर बाई घाट उतरत चालली असेल तर तिच्यासाठी टेम्पो ही रहमतच आहे आणि घोडीची आठवण काढत गळा काढणाऱ्या शहरी माणसाने हे आधी लक्षात घ्यावं. पण पिकअपला डिझेल लागतं, घोडीला गवत. पिकअप शिंगरू देत नाही. आणि जिथे रस्ता संपतो, ओढा आडवा येतो, तिथे ती थांबते. म्हणून पिकअप घेणारेही निदान एक घोडी ठेवून असतात.

पोरांचं शिक्षण हा सगळ्यांत मोठा घोर. आठ महिने फिरायचं तर शाळा कुठली? काही घरांत मुलं आजीपाशी गावी राहतात, आश्रमशाळेत जातात. ती शिकली की परत कळपाकडे येत नाहीत आणि यावीत अशी आई-बापाची इच्छाही नसते. पण कळप विकला तर कुत्री कुठे जाणार? मेंढ्यांना गिऱ्हाईक आहे, घोडीला माळेगावात आणि सारंगखेड्यात गिऱ्हाईक आहे. म्हाताऱ्या घोडीला नाही आणि कुत्र्याला तर नाहीच नाही. वाडा मोडलेल्या घरांत शेवटची दोन-तीन कुत्री अंगणात पडून असतात. रात्री सवयीने चारी कोपऱ्यांना जाऊन बसतात, मध्ये राखायला काही नसलं तरी.

सूर्य मावळायच्या सुमारास, यवतमाळात इफ्तारची खजूर ताटात मांडली जाते तेव्हा, कोकणातल्या खाचरात वाघर ताणून झालेली असते. दिवसभर पांगलेल्या मेंढ्या आत शिरतात. कोकरं आयांना शोधत ओरडतात, प्रत्येकीला आपलंच कोकरू हवं असतं. बाई घोडीच्या पाठीवरून हात फिरवून पाहते, कुठे सोलवटलं आहे का. सोलवटलेलं असेल तर तिथे हळद आणि तेल. मग पुढच्या पायांना दोर घालून तिला चरायला सोडते. चुलीवर भाकरी थापायला घेते. पहिल्या एक-दोन भाकरी बाजूला पडतात, तुकडे करून, थोडं दूध घालून. कुत्री लांबूनच पाहत बसलेली असतात. हाक येईपर्यंत हलत नाहीत. खाऊन झालं की एकेक उठतं, अंग झाडतं आणि अंधारात आपापल्या कोपऱ्याकडे जातं.